कूलरसमोरचे वाचक

नागपूरच्या उन्हाळ्यात मुलांना वाचायची सवय लावावी लागत नाही, ती ऊनच लावतं. सकाळी दहाला पडदे ओढले की संध्याकाळी सहापर्यंत बाहेर पडायची कोणाची टाप नसते. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत गेला की नवतपा लागतो. मग नळाला गार पाणी शोधायचं तर पहाटे उठावं लागतं. पुण्या-मुंबईच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आमच्या विदर्भातल्या ऊन बघून जूनच्या अखेरीस. म्हणजे तेवढा कंटाळा आमच्या वाट्याला जास्तीचा. मोबाइलची ठरलेली वेळ संपलेली, झोप येत नाही, भावंडाशी भांडूनही झालेलं. अशा दुपारी कूलरसमोर पालथं पडलेलं मूल हाताला लागेल ते वाचतं. लग्नपत्रिका वाचतं, आजीचं पंचांग वाचतं आणि काहीच उरलं नाही की पुस्तक.

आमच्याकडे असे दोन वाचक आहेत, एक अकरा वर्षांची आणि एक नऊ वर्षांचा. या वयाचं मोठं अवघड असतं. चित्रांची पुस्तकं ‘बाळांची’ झालेली असतात, आणि मोठ्यांच्या कपाटाकडे हात गेला की आपला जीव वरखाली होतो. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून नेमकं याच मुलांसाठी निघतंय. त्याचे जुने अंक आता बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, म्हणून मी मोठ्या हौसेने माझ्या लहानपणचे अंक काढून दाखवले. रमले मात्र मीच. मुलं कधी उठून गेली, कळलंही नाही.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने मात्र दोघांना धरून ठेवलं. फुरसुंगीचा हा किडकिडीत बनेश पुण्याच्या विद्याभवनात शिकतो आणि सायकलवर टांग मारून कुठेही जातो. दिवस मावळला तरी जातो, चोरांच्या मागे जातो. पहिलं पुस्तक संपवून धाकट्याने विचारलं, “आई, याला कोणी विचारत कसं नाही गं, कुठे चालला म्हणून?”

मी त्या दिवशी भाजी निवडत बराच वेळ याच प्रश्नावर होते. या वयाच्या मुलांसाठी लिहिणारे सगळेच लेखक आधी आईबापांचा बंदोबस्त करतात, असं माझ्या ध्यानात आलं. कोणी त्यांना गावी ठेवतो, कोणी परदेशी धाडतो, काही निर्दयी लेखक तर सरळ मारूनच टाकतात. गोष्टीत आई असती तर दुसऱ्या पानावर “आधी जेवून घे” म्हणाली असती आणि चोर पसार झाला असता. म्हणजे आपण सीताबर्डीच्या फुटपाथवर घासाघीस करून, घाम पुसत जी पुस्तकं घरी आणतो, त्यांचं पहिलं काम आपल्याला घराबाहेर काढण्याचं! आणि वर आपणच शेजाऱ्यांना कौतुकाने सांगतो, “पोरगी दिवसभर वाचून राहिली.”

पोरगी खरंच वाचून राहिली आहे, पण आता मला सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी दर पानाला “आई, ऐक ना” असायचं. स्वयंपाकघरात मागे मागे फिरून वाचून दाखवायची. आता एकटीच खुदकन हसते. काय झालं विचारलं तर “काही नाही.” पन्ह्याचा पेला घेऊन गेले की बोट पानात ठेवून पुस्तक मिटते, पेला रिकामा करते, आणि मी निघण्याची वाट बघते. मला आधी राग आला, हे खरं. पण न्हाणीघराची कडी लावायला ती ज्या वर्षी शिकली, त्याच वर्षी पुस्तकाचीही शिकली असेल. पहिलीचं आपण कौतुक केलं होतं.

शाळेला यातलं काही मान्य नाही. सुट्टीच्या अभ्यासात एक तक्ता आहे: पुस्तकाचं नाव, लेखक, पृष्ठसंख्या, बोध. हा बोधाचा रकाना ज्याने काढला त्याने नवतप्यात पोरांसोबत बसून एकदा तो भरावा. धाकट्याने सगळ्या पुस्तकांपुढे ‘आपण धाडसी असावे’ असं लिहून टाकलंय. त्यात एक पुस्तक मुंग्यांवरचं आहे. मी दुरुस्त करायला सांगितलं नाही. मुंग्यांनाही लागू पडतंच.

आता नवीन प्रकरण असं की मोठीला वाचनालयात एकटीने जायचंय. वाचनालय दोन चौक पलीकडे. सायकल आहे, अनामत रक्कम तिने आजीने दिलेल्या खाऊच्या पैशांतून भरायची तयारी दाखवली आहे. बाबा म्हणाले, फोन घेऊन जा.

“फास्टर फेणेकडे कुठे होता?”

आजी सरगुंडे वळता वळता म्हणाली, “त्याच्याकडे आईही नव्हती घरात. तुझ्याकडे दोन आहेत.”

शेवटी तह झाला. ऊन उतरल्यावर, म्हणजे सहानंतर, डोक्याला रुमाल बांधून जायचं. फोन न्यायचा, पण आम्ही लावायचा नाही. आणि सोबत भाऊ. पहिल्या दोन अटी तिने लगेच मान्य केल्या. तिसऱ्या अटीला भावाचीच हरकत आहे. त्यालाही एकट्यानेच जायचंय.