तुम्ही विचारलंत म्हणून: मी पॅरा खेळात का नाही?

‘मग पॅरामध्ये का नाही उतरत तू?’

मी 400 मीटर हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, धावायचे; अपघातात गुडघा गेला. पॅरा म्हणजे अपंग खेळाडूंच्या स्पर्धा. गेल्या चार वर्षांत हे मला इतक्यांदा विचारलं गेलंय की समोरच्याने ‘मग’ म्हटलं की पुढचं वाक्य मला ऐकू येतं. त्यापाठोपाठ मुरलीकांत पेटकरांचं नाव येतं. लष्करातले बॉक्सर, 1965च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि 1972च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहून सुवर्ण. वेळ 37.33 सेकंद. मला ती पाठ आहे. हॉस्पिटलात होते तेव्हा हा माणूस माझ्या उशाशी बसल्यासारखा होता. त्यामुळे त्यांचं उदाहरण देऊन मला जागं करण्याची गरज नाही.

तुम्ही एक गोष्ट गृहीत धरता, तिचा मला त्रास होतो. दार उघडं आहे आणि हीच आत जात नाही, असं तुम्हाला वाटतं. मी गेले होते. हे मी आजवर घरच्यांना आणि माझ्या कोच सरांना सोडून कुणालाही सांगितलेलं नाही.

अपघाताचं तुम्हाला ठाऊक आहे, ते उगाळत नाही. डाव्या गुडघ्याचे तीन लिगामेंट्स, कूर्चेचा मोठा तुकडा, दोन ऑपरेशन्स. वॉकर धरून उभी राहिले त्या आठवड्यात मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते की दीड वर्षात ट्रॅकवर दिसेन. त्या मुलीचा मला आज राग येतो. एवढ्या लोकांना शब्द द्यायला तिला कुणी सांगितलं होतं? पण तो शब्द दिला नसता तर ती सकाळी सहाला फिजिओकडे गेली असती का, हेही मला सांगता येत नाही.

दीड वर्षाने मी सरळ रेषेत धावत होते. वेगात पाय टेकला की मात्र गुडघा आतल्या आत सरकायचा. हर्डलवरून उतरताना सगळं वजन एका पायावर येतं. माझा लीड लेग, म्हणजे हर्डलवरून आधी जाणारा पाय, डावा, म्हणून उतरणारा पायही तोच. तिथे माझे 400 मीटर हर्डल्स संपले.

पॅरा अ‍ॅथलेटिक्समध्ये हर्डल्स नाहीत, हे विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. मी सपाट 400साठी गेले. आधी क्लासिफिकेशन होतं, म्हणजे अपंगत्व निकषात बसतं का हे ठरवणारी तपासणी. एक खोली, तपासणीचं टेबल, दोन तज्ज्ञ, माझ्या रिपोर्टांची फाइल. त्यांनी गुडघ्यावर गोनिओमीटर ठेवला, दोन पट्ट्यांचं कोनमापक असतं ते, आणि पाय हळूहळू वाकवत नेला. काही अंश कमी भरले. कमी म्हणजे माझ्यासाठी पुष्कळ, निकषासाठी अपुरे. मग स्नायूंची ताकद. ती 0 ते 5मध्ये मोजतात. ते हाताने पाय दाबून धरतात आणि आपण उलटा जोर लावायचा.

मला आधीच कळलं होतं की वेदना त्यांच्या यादीत नाही. सांधा सैल असणं, सरकणं, तेही नाही. म्हणजे ज्या दोन गोष्टींनी माझा खेळ संपवला त्या दोन्ही त्या खोलीत मोजल्याच जाणार नव्हत्या. उरली होती ती ताकद, आणि ती तर मी दीड वर्ष घाम गाळून परत आणली होती.

दोघा तज्ज्ञांपैकी मॅडमनी घोट्याच्या वर हात ठेवला. ‘सरळ करा. जोर लावा.’

मी लावला नाही.

ठरवून केलं का? टेबलावर चढताना तसं मनात नव्हतं. पण त्या क्षणी मांडीला मी आवर घातला, हे मला माहीत आहे. अशी फसवणूक सिद्ध झाली तर बंदी येते, हेही माहीत होतं. मॅडमनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, फक्त मांडीकडे पाहिलं. शांतपणे म्हणाल्या, ‘पुन्हा एकदा.’

दुसऱ्या वेळी मी इतका जोर लावला की त्यांचा हात मागे गेला.

त्यांनी आकडा लिहिला. नंतर दुसऱ्या पॅनेलनेही तपासलं, निकाल तोच. अपात्र. बाहेर सर बाकावर बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, ‘पूर्ण लावलास?’ मी म्हटलं, ‘हो सर.’ पहिल्या वेळेचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. हे वाचतील तेव्हा कळेल.

‘प्रामाणिक वागलीस’ असं कृपा करून म्हणू नका. मी खूप विचार केलाय त्यावर. तो प्रामाणिकपणा होता, की हर्डलरच्या पायाला कुणी कमजोर म्हणावं हे मला सोसलं नाही, ते मला उलगडलेलं नाही. आणि ज्या जागेसाठी कुणाचा पाय खरोखर गेलेला असतो, ती जागा मी काही सेकंद चोरायला निघाले होते. त्याची लाज आजही वाटते. नियम चुकीचा आहे असंही मी म्हणत नाही. रेघ कुठेतरी ओढावीच लागते, आणि मी तिच्या अलीकडे पडले. अपंगांत धरलं जात नाही आणि धडधाकटांबरोबर धावता येत नाही, अशा माणसाला तुमच्याकडे काही नाव आहे का?

आता काय करते, हेही विचारता. हर्डल्स लावते, मुलींना शिकवते, स्पर्धेत वळणावर अंपायर म्हणून उभी असते. पहिल्या हर्डलपर्यंत 45 मीटर, मग दोन हर्डल्समध्ये 35. मुली जवळ आल्या की त्यांच्या स्टेप्स मी मनात मोजते, पंधरा की सतरा. सोळा पडल्या की पुढच्या हर्डलला पाय बदलतो आणि माझा स्वतःचा श्वास अडकतो. ट्रेल लेग, म्हणजे मागून येणारा पाय, हर्डलच्या बाहेरून, खालून गेला तर पिवळा झेंडा वर करायचा. पहिल्यांदा केला तेव्हा हात थरथरला होता. पी. टी. उषाचं पदक 1984च्या ऑलिम्पिकमध्ये याच शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं, आणि मी एखाद्या मुलीची अख्खी शर्यत झेंड्याने पुसत होते. हे काम मला आवडतं. धावण्याची भरपाई त्यातून होते का, तर नाही.

शेवटचं एक, कारण लपवायचं नाही असं ठरवलंय. डॉक्टर म्हणतात झीज वाढत जाईल, वयाबरोबर गुडघा आणखी आखडेल. अवस्था बदलली तर पुन्हा तपासणी मागता येते. म्हणजे तो पुरेसा आखडला तर कदाचित मी पात्र ठरेन.

रोज सकाळी मी जमिनीवर बसते आणि दोन्ही हातांनी टाच मागे ओढते. टाच आणि मांडी यांच्यात बोटं घालून अंतर बघते. काल चार बोटं होतं. आज साडेतीन वाटलं, म्हणून पुन्हा ओढून पाहिलं.