कवळी आणि कडक भाकरी

सोलापुरात म्हातारं होणं जरा अवघडच. इतर गावांत दात गेले की मऊ भात समोर येतो. इथे ताटात कडक भाकरी येते. पापडासारखी पातळ, तोडली की कट्‌ असा आवाज करणारी, आणि शेजारी शेंगा चटणी. तरीही इथल्या सत्तरी-ऐंशीच्या माणसांनी ती सोडलेली नाही. "दात माझेच आहेत, पावती जपून ठेवलीय," असं म्हणत कवळीवाले आजोबा तिचे तुकडे करायला घेतात, तेव्हा शेजारी बसून नीट बघावं. त्यात बरंच शिकण्यासारखं असतं.

पहिली गोष्ट, समोरच्या दातांनी तोडायचं नाही. कवळीची वरची पट्टी टाळूला चिकटून बसलेली असते. पुढच्या दातांवर जोर आला की ती मागून उचलली जाते, मधे हवा शिरते आणि घासाबरोबर कवळीही खाली येते. म्हणून भाकरी हातानेच मोडायची, नखाएवढे तुकडे करायचे आणि दोन्ही बाजूंच्या दाढांवर थोडे थोडे घ्यायचे. एकाच बाजूने चावलं तर दुसरी बाजू डोकं वर काढते. नवी कवळी लावलेल्या माणसाला हे जमायला काही आठवडे लागतात. तोवर तो "कवळी बिघडली" म्हणून रुसून बसतो, आणि जुनेजाणते त्याच्याकडे बघून हसतात.

दुसरी गोष्ट, भिजवण्याची वेळ. पातळ, वाफाळती आमटी ताटलीत घ्यायची, तुकडे पसरायचे आणि वरून थोडी ओतायची. पाचेक मिनिटांत काठ मऊ होतात, पण मधे जीव राहतो. हीच खरी वेळ. गप्पांच्या नादात आणखी दहा मिनिटं गेली की ज्वारीची पेज झालीच म्हणून समजा. भाकरी नीट वाळलेली नसेल तर मात्र कितीही वेळ पाळा, ती वातडच लागते. दोष करणारीच्या घाईचा. भाकरी तव्यावर भाजून झाल्यावर मंद आचेवर फडक्याने दाबत दाबत तिच्यातलं पाणी पूर्ण घालवावं लागतं. ओल राहिली की ती डब्यात वाकडी होते, पुढे बुरशी धरते. पाणी गेलेली भाकरी महिनोन्‌महिने टिकते. वयाने मोठी बाई भाकरी कानाशी नेऊन बोटाने टिचकी मारते आणि आवाजावरून सांगते, झाली का नाही ते. स्वतःला कमी ऐकू येत असलं तरी हा आवाज तिला बरोबर येतो. ही निवडक बहिरेपणाची कला वेगळीच.

शेंगा चटणीचं गणित आणखी नाजूक. 2 वाट्या शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, गार करून, सालं पाखडून घ्यायचे. 10-12 लसूण पाकळ्या, 2 चमचे लाल तिखट, 1 चमचा जिरं, चवीला मीठ. उखळात कुटत राहायचं, दाण्याचं तेल सुटून गोळा धरू लागेपर्यंत. मिक्सर वापरलाच तर थांबत थांबत फिरवायचा, नाहीतर चटणीचं पीठ नाहीतर लगदा होतो. पण खरी गंमत अशी की कवळीवाल्याचा शत्रू तिखट नव्हे, दाण्याची कणी. ती खालच्या पट्टीखाली शिरली की डोळ्यांत पाणी आणते, आणि बाकीच्यांना वाटतं आजोबांना जुने दिवस आठवले. खालची पट्टी नालाच्या आकाराची असते. टाळूसारखा आधार तिला नसतो आणि जीभ तिला सतत ढकलत असते, म्हणून सगळा उपद्रव तिथेच. उपाय साधा. आजोबांच्या वाटणीची चटणी आणखी बारीक कुटून दह्यात कालवायची.

चहाबद्दल एक इशारा. टाळू झाकलेला असल्याने तोंडाला चटका कळत नाही, थेट घशाला कळतो. बशीत ओतून फुर्र करत पिणाऱ्यांना अडाणी म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावं.

उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की दुसरा धडा सुरू होतो. वयाबरोबर तहान लागणं कमी होतं, शरीराची पाण्याची गरज मात्र तेवढीच राहते. शहाणी म्हातारी माणसं तहानेची वाट बघत नाहीत. माठाशेजारी एक ठरलेला तांब्या ठेवतात आणि दुपारपर्यंत तो रिकामा करायचाच, असा नेम असतो. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांचा तांब्या लहान, पण नेम तोच. उठण्याचंही तसंच. झोपेतून उठून थेट चालायला लागलं की रक्तदाब घसरतो आणि भोवळ येते. म्हणून काठावर मिनिटभर पाय सोडून बसायचं, मग उभं राहायचं. विचारलं तर उत्तर मिळतं, "आधी कोणता गुडघा बोलतोय ते ऐकतो."

रात्रीचं काम सगळ्यात निगुतीचं. कवळी काढताना वॉशबेसिनमध्ये सोलापुरी टॉवेलची घडी घालायची. हात निसटला तरी पट्टी त्या मऊ घडीवर पडते, फरशीवर पडली तर दोन तुकडे. गरम पाणी वापरायचं नाही, कवळी वाकते आणि सकाळी बसतच नाही. साध्या पाण्यात ब्रशने घासून, पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डबीत ठेवायची. रात्रभर हिरड्यांना मोकळं राहू द्यायचं. हिरड्या वर्षागणिक झिजतात, म्हणून जुनी कवळी सैल होऊ लागली की दंतवैद्याकडून आतून अस्तर भरून घ्यावं. घरी फेविक्विक लावण्याचे प्रयोग करू नयेत. असे प्रयोग करणारे अजूनही भेटतात, आणि ते फार बोलत नाहीत.

एका घरात दोन कवळ्या असतील तर डब्यांवर नावं लिहावीत. मुलं कागद चिकटवून देतात, तो पाण्याने निघतो. चष्मा न लावता उठलेल्या आजोबांनी आजीची डबी उघडलीच, तर ओळखायची खूण त्यांनी स्वतःच सांगून ठेवलीय, "तोंड माझं, पण दिवसभर बोलणं हिचं येतं."