पंप तूर्त बंद

शनिवार, रात्री

आज लेकीला घेऊन मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. औषधाचा दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, परिणाम झालाय, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. रक्ताच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून तिचा औषधाचा पंप तूर्त बंद केलाय.

तिला थॅलेसेमिया मेजर आहे, अंगात पुरेसं रक्त तयार न होण्याचा जन्मजात आजार. तो म्हटला की रक्त चढवणं जन्माला पुजलेलं. एका पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते हृदयात, यकृतात साठत जातं. म्हणून रात्री पोटाच्या कातडीखाली बारीक सुई, तिला जोडलेला पंप आणि आठ-दहा तास हळूहळू जाणारं डेस्फेरल, लोह बाहेर काढणारं औषध. या औषधानंच माझी पोर एवढी मोठी झाली. पण हेच औषध काहींच्या डोळ्यांना बाधतं. त्यातही लोह कमी झालं आणि डोस तोच राहिला, तर धोका वाढतो. तिचं फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेल्या लोहाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, यंदा छान उतरलं म्हणून आम्ही पेढे वाटले होते!

हल्ली अंधार पडला की ती जिन्याचा कठडा चाचपत उतरायची. परवा साडीला फॉल लावताना मी म्हटलं, "अगं, निळं रीळ दे." तिनं हिरवं पुढं केलं. "हेच निळं ना, आई?" डोक्यावर ट्यूबलाइट लख्ख चालू होती. काळजात धस्सच झालं.

हे औषध चालू असताना वर्षातून एकदा तरी डोळे आणि कान तपासायचे असतात. ऐकण्यावरही परिणाम होऊ शकतो. फाइलीत हिमोग्लोबिन, फेरिटिन सगळं लिहितात, डोळ्यांचा रकाना मात्र कुठंच नाही. तो असायलाच हवा, पहिल्याच पानावर.

लवकर लक्षात आलं तर औषध थांबवल्यावर नजर बऱ्याचदा सुधारते, पूर्ण येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. लोह काढणं मात्र थांबवून चालायचं नाही. किडनी-लिव्हरचे रिपोर्ट बघून डेफेरासिरॉक्सची, लोह काढणारीच, गोळी द्यायची का ते ठरेल. त्या गोळीवरही डोळे तपासत राहायचेच.

रक्त चढवताना ओळख झालेल्या कडेगावच्या काकूंना लगेच फोन केला. त्यांचा मुलगाही पंपावर आहे, डोळे कधीच तपासलेले नाहीत. बुधवारी त्याला घेऊन मिरजेला येतायत. मीही जाणार आहे सोबत.