विहिरीत वर आभाळ असतं: गोझोच्या कमानींखालची डुबकी

सोलापूर जिल्ह्यात पोहायला शिकलेल्या माणसाच्या अंगात एक सवय पक्की मुरलेली असते. दम संपत आला की पाय मारायचे आणि सरळ वर यायचं. पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेलं पोर सगळ्यात आधी हेच शिकतं. विहीर कितीही खोल असो, डोक्यावर आभाळाचा गोल तुकडा असतोच. माल्टाजवळच्या गोझो बेटावर समुद्री गुहा आणि खडकाच्या कमानींमध्ये स्कूबा करायचं ठरल्यावर आम्हाला आधी ही सवय मोडावी लागली. कमानीखाली सरळ वर गेलं की डोकं चुनखडीला लागतं. तिथं वाट आडवी असते, आणि बहुतेक वेळा आल्या वाटेनंच परतायचं असतं.

आत काही दिसेनासं झालं तर परतीची वाट दोरीवरूनच सापडते, म्हणून तयारी दोरीपासून, कोरड्यावर सुरू केली. दोन कडुनिंबांमध्ये वाकडीतिकडी दोरी बांधायची, मध्ये एखाद्या दगडाला वेढा द्यायचा आणि डोळ्यांवर टॉवेल घट्ट बांधून या टोकापासून त्या टोकाला जायचं. अंगठा आणि तर्जनीचं कडं दोरीभोवती सैल ठेवायचं, दुसरा हात पुढच्याच्या दंडावर. दोरी ओढायची नाही, हे इथंच अंगवळणी पडायला हवं. ओढली की वेढा सुटतो आणि दोरी सरकून अशा फटीत जाते, जिथून दोरी जाते पण माणूस जात नाही. पाण्यातही क्रम ठरलेला: पहिली गाठ गुहेच्या तोंडाबाहेर, जिथून सरळ वर जाता येतं तिथं, दुसरी आत शिरल्या शिरल्या.

विहिरीचा खरा उपयोग गाळासाठी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तळ जवळ येतो, आणि पाय सायकलसारखे मारले तर दोन मिनिटांत पाण्याचा चहा होतो. फिन, म्हणजे पायातली पोहायची पंखी, खाली गेली की गाळ उठतो, म्हणून बेडकासारखे पाय मारायचे: गुडघे वाकवून पावलं वर, आणि रेटा मागे-बाजूला. तळापासून हातभर वर राहून विहिरीचा एक फेरा मारला आणि मागचं पाणी स्वच्छ राहिलं, तर पाय तयार झाले. हा सराव मास्क-फिनवर, सिलिंडरशिवाय, आणि काठावर दोर धरून एक माणूस कायम उभा.

वजनाचा हिशेब मात्र विहिरीतून जसाच्या तसा नेता येत नाही. गोड्या पाण्यापेक्षा समुद्राचं पाणी जड, त्यात भूमध्य समुद्र अरबी समुद्राहून खारट. माणूस आणि सामान मिळून १०० किलो धरले, तर गोड्या पाण्यात जुळवलेल्या, कमरेच्या पट्ट्यातल्या शिशाच्या वजनात सुमारे ३ किलोची भर लागते. याउलट, आपल्याकडे बरेचदा ॲल्युमिनियमचं सिलिंडर मिळतं, जे रिकामं होत आलं की तरंगू लागतं. तिकडे १२ किंवा १५ लिटरचं पोलादी मिळतं, ते शेवटपर्यंत जडच राहतं, म्हणून पट्ट्यातलं शिसं थोडं कमी होतं. पहिल्या दिवशी उथळ पाण्यात, ५० बार (हवेच्या दाबाचं माप) उरलेल्या सिलिंडरवर वजन तपासायचंच. गुहेत वजन कमी पडलं तर माणूस छताला चिकटतो, जास्त झालं तर गाळात बसतो.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबई, विमान बदलून माल्टा, मग गाडीनं चिर्केव्वा बंदर आणि फेरीबोटीनं २५ मिनिटांत गोझो. टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या काढून, टोकांना चिकटपट्टी लावून हातातल्या बॅगेत ठेवायच्या. टॉर्च माणशी तीन: एक मोठा, दोन राखीव.

द्वेइरा हा बेटाचा पश्चिम किनारा. इथंच अझुर विंडो नावाची प्रचंड कमान होती. ८ मार्च २०१७ रोजी वादळात ती कोसळली. आता तिचे धोंडे पाण्याखाली आहेत आणि त्यांच्या तुटलेल्या कडा धारदार दिसतात. कमान म्हणजे चालू असलेली झीज आहे, हे इथं डोळ्यांना दिसतं. छताला हात लावायचा नाही, टांगलेल्या दगडाखाली थांबायचं नाही.

वायव्येचा वारा असेल तर द्वेइरा सोडून द्यायचं. इथल्या ब्लू होल नावाच्या डोहात उतरायचं आणि वर यायचं ते खडकावरूनच, आणि त्या खडकावर फेस उसळत असेल तर आत गेलेला माणूस बाहेर कुठून येणार? सकाळी काठावर दहा मिनिटं नुसतं उभं राहून लाटा बघायच्या. मोठी लाट दर काही मिनिटांनी येते, एका नजरेत दिसत नाही.

ब्लू होल म्हणजे खडकातली जवळजवळ गोल विहीरच, सोलापूरकराला पाहताक्षणी घरची वाटावी अशी. खोली सुमारे १५ मीटर. पण आठेक मीटरवर तिची एक बाजू उघडते आणि कमानीतून थेट समुद्र दिसतो. तळाशी मागे एक गुहा आहे. आत जाऊन वळलं की निळ्या उजेडावर बाकीच्यांच्या काळ्या आकृत्या दिसतात, आणि तो उजेड दिसत राहील तितकंच आत जायचं. कॅव्हर्न डायव्हिंगची, म्हणजे गुहेच्या तोंडाजवळच्या डुबकीची, मर्यादाही हीच: नैसर्गिक उजेड कायम दिसला पाहिजे, आणि पृष्ठभागापासून खोली अधिक आडवं अंतर मिळून ४० मीटरच्या आत. छताशी हवेचा कप्पा चमकताना दिसला तरी तिथं तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा देणारी नळी, काढायचा नाही. ती हवा बहुतेक आधीच्या लोकांनी सोडलेलीच असते.

लाटेचा हेलकावा कमानीत वाढतो, कारण पाणी अरुंद जागेतून जातं. पुढे ढकलेल तेव्हा जायचं, मागे ओढेल तेव्हा नुसतं थांबायचं. ओढीविरुद्ध पाय मारले की हवा जाते आणि अंतर तेवढंच राहतं.

इनलँड सी हे खरं कसोटीचं ठिकाण. गोट्यांच्या किनाऱ्यावरून उथळ खाडीत उतरायचं, आणि कड्यातून आरपार गेलेलं सुमारे ८० मीटरचं भुयार. तळ उतरत उतरत समुद्राकडच्या तोंडाशी २६ मीटरवर जातो, म्हणजे १८ मीटरचं प्राथमिक प्रमाणपत्र इथं पुरत नाही. या भुयारात वर पाण्याचा पृष्ठभाग आहे, हवाही आहे, पण त्यावरून पर्यटकांच्या नावा सतत जात असतात. विहिरीची सवय इथं सर्वांत घातक. भिंतीला धरून, खालून जायचं, काहीही झालं तरी भुयारात वर यायचं नाही.

हवेचा हिशेब तिसऱ्या हिश्श्याचा. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला २४०० लिटर हवा. ६६ बार जायला, ६६ यायला, उरलेली ६८ जोडीदाराची हवा संपली तर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असतील, तर २६ मीटरवर दाब ३.६ पट, म्हणजे ७२ लिटर. एक हिस्सा ११ मिनिटं चालतो. घाबरून श्वास दुप्पट झाला, तर साडेपाच. म्हणून १३४ बारला ज्याचा काटा आधी येईल त्यानं अंगठा दाखवायचा आणि सगळ्यांनी वळायचं. का, हे बाहेर आल्यावर विचारायचं. अंधारात टॉर्चचं वर्तुळ म्हणजे ठीक, आडवा झपाझप उजेड म्हणजे संकट.

कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेली होती. चटणी डुबकीआधी नको: लसूण आणि तेल ढेकराबरोबर रेग्युलेटरमध्ये येतं, आणि हेलकाव्यात मळमळ वाढते. सकाळी नुसती भाकरी, कुस्करून दुधात.

अनेक दिवसांच्या डुबक्यांनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास डुबकी न मारता जायला हवेत. आम्ही २४ ठेवले. तो दिवस रेग्युलेटर आणि जॅकेट गोड्या पाण्यात भिजत घालायला, रीळवर गुंडाळलेली वाटेची दोरी पूर्ण उलगडून धुवायला आणि सावलीत वाळवायला लागतो. चटणीचा डबा त्या दिवशी उघडला.