ओंडका, पिंप आणि हरवलेले साडेसात लिटर

मागच्या नोंदीत अडकलो होतो ते कोडं सुटलं! ओंडक्याचं टेपने काढलेलं घनफळ आणि पिंपातून सांडलेलं पाणी जुळत नव्हतं, तेच. तीन रविवार त्यात गेले.

आकडे पुन्हा देतो. साल सोललेला, दोन्ही टोकांना मेण लावलेला ओंडका. घेर 30 इंच, लांबी अडीच फूट. लाकडाच्या व्यापारातलं सूत्र लावलं: घेराचा चतुर्थांश साडेसात इंच, त्याचा वर्ग 56.25, भागिले 144, गुणिले अडीच, म्हणजे 0.977 घनफूट. एका घनफुटाचे 28.317 लिटर, म्हणून पाणी 27.65 लिटर सांडायला हवं. काठोकाठ भरलेल्या पिंपात ओंडका पूर्ण दाबला, तेव्हा मापाच्या डब्याने मोजून पावणेआठ गॅलन बाहेर आलं. म्हणजे 35.23 लिटर!

आधी वाटलं, लाकूड पाणी पीत असेल. पण पाणी प्यायलं तर सांडणारं पाणी कमी व्हायला हवं, इथे जास्त होतं. भेगांमधल्या हवेने थोडा फरक पडेल, साडेसात लिटरचा नाही. मग संशय गॅलनवर गेला. डब्यावर नुसतंच ‘गॅलन’ लिहिलेलं. अमेरिकन गॅलन 3.785 लिटरचा, ब्रिटिश 4.546 चा. अमेरिकन धरला तर 29.34 लिटर येतात. उत्तराच्या इतकं जवळ आल्यामुळे अख्खा एक रविवार मी तेच खरं मानून बसलो, उरलेल्या पावणेदोन लिटरसाठी पिंपाचा काठ समपातळीत आहे का तेही तपासलं. शेवटी डबा भरून काट्यावर ठेवला. नुसत्या पाण्याचं वजन 4.53 किलो. डबा ब्रिटिश, म्हणजे 35.23 बरोबरच होते. कुठला गॅलन ते न सांगणारे डबे आणि कन्व्हर्टर मी यापुढे वापरणार नाही.

मग सहज 35.23 ला 27.65 ने भागलं. 1.274. हा आकडा कुठेतरी पाहिलाय असं वाटलं आणि लगेच लक्षात आलं, चार भागिले पाय (π), 1.273! चूक पाण्यात नव्हती, सूत्रात होती. चतुर्थांश घेराचा वर्ग म्हणजे वर्तुळाचं क्षेत्रफळ नव्हेच. 30 इंच घेराच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ 71.62 चौरस इंच भरतं, हे सूत्र 56.25 देतं. एडवर्ड हॉपस याने 1736 साली याच पद्धतीची कोष्टकं छापली. चिरताना वाया जाणारं लाकूड त्यात आधीच वजा धरल्यासारखं होतं, म्हणून व्यापारात ती टिकली. त्या हिशेबाचा एक ‘फूट’ खऱ्या 1.273 घनफुटांचा असतो. खऱ्या सूत्राने आमचा ओंडका 1.243 घनफूट, म्हणजे 35.21 लिटर. फरक फक्त 20 मिलिलिटर! तो आकडा मी वहीत दोनदा लिहिला.

घेर मात्र सुतळीने घ्या आणि सुतळी स्टीलच्या पट्टीवर मोजा. कापडी टेप ताणला जातो, आणि घेराची चूक वर्गात वाढते.

पुढे पिंपाला नळी लावून सांडलेलं पाणी गोळा करायचा विचार होता. हे लिहिता लिहिता तो सोडला. भांडंच काट्यावर ठेवायचं, काटा शून्यावर आणायचा आणि लाकूड वरून सळईने दाबून, तळाला न टेकवता बुडवायचं. काट्यावर वाढेल ते विस्थापित पाण्याचं वजन. सांडलवंड नाही, गॅलन नाही. सुरुवात बोर्ड फूटने करतो. 12 बाय 12 बाय 1 इंचाची फळी म्हणजे 144 घन इंच, 2.36 लिटर. काट्यावर 2.35 किलोच्या आसपास दिसायला हवं. रंधा मारून पाऊण इंचावर आलेली फळीही अमेरिकन हिशेबात एक इंचाचीच धरतात, म्हणून दोन्ही बुडवून बघणार आहे. लाकडाच्या मापांच्या माझ्या तक्त्यात आता ‘चतुर्थांश घेर’ आणि ‘खरं घनफळ’ असे दोन वेगळे रकाने आहेत. जुना तक्ता कोणी उतरवून घेतला असेल, तर त्यातले ओंडक्यांचे लिटर 1.273 ने गुणून घ्या. फळ्यांचे आकडे तसेच ठेवा, ते बरोबर आहेत.