साउथ वर्क्सच्या जमिनीवर क्वांटम

शिकागोच्या मिलेनियम स्टेशनवरून मेट्राची साउथ शिकागोला जाणारी गाडी घेतली, ८७व्या रस्त्याला उतरलो आणि सरोवराच्या दिशेनं चालत सुटलो. रस्ता स्टीलवर्कर्स पार्कात संपतो. इथं यू. एस. स्टीलचा साउथ वर्क्स कारखाना होता. जहाजांनी आणलेलं लोहखनिज साठवायच्या काँक्रीटच्या भिंती अजून उभ्या आहेत, सुमारे तीस फूट उंच आणि लांबच लांब. सिअर्स टॉवरचं पोलाद इथलंच. कारखाना १९९२मध्ये बंद पडला.

आता कारखान्याच्या ४४० एकरांपैकी १२८ एकरांवर इलिनॉय क्वांटम अँड मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स पार्क होतंय. पहिला मोठा भाडेकरू म्हणजे क्वांटम संगणक बनवणारी कंपनी सायक्वांटम, घोषणा जुलै २०२४ची.

या कंपन्यांनी शहर सोडून एवढ्या लांब येण्याचं कारण मला जागेवर उभं राहिल्यावर नीट कळलं. शहरात रिकामे ऑफिस मजले असले, तरी ते या कामाचे नाहीत. क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातला माहितीचा मूळ घटक. त्यातले अतिवाहक क्युबिट निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या कमी तापमानाच्या, वर जेमतेम शतांश अंशावर ठेवावे लागतात. त्यांची शीतयंत्रं वरून टांगलेली असतात, म्हणजे छत उंच हवं. खाली जमीन थरथरता कामा नये. शेजारची लिफ्ट किंवा विजेवरची रेल्वे चुंबकीय गडबड करते. सायक्वांटमचे क्युबिट प्रकाशाचे, पण ते टिपणारे संवेदक काही केल्विनवरच (निरपेक्ष शून्याच्या काही अंश वरच) चालतात, म्हणून हेलियमनं थंड करणारा थेट कारखानाच उभारावा लागतो. भरपूर वीज आणि मोकळी जागा एकत्र हवी असेल, तर जुन्या गिरण्या-कारखान्यांच्या जमिनीच उरतात. (त्यातली माती साफ करायचा खर्च वेगळा.)

जागांच्या ब्रोकरांच्या अहवालांत ‘क्वांटमची मागणी’ वाचली की दारात भाडेकरूंची रांग लागल्यासारखं वाटतं. इथं तसं काही नाही. आयबीएम आणि संरक्षण खात्याची संशोधन संस्था डार्पा ही इथली नावं मोठी आहेत, पण आधी पैसा ओतलाय तो राज्यानं: ५० कोटी डॉलर, त्यातले २० कोटी शीतकरणाच्या सामायिक यंत्रणेसाठी. बाजारानं मागितलेली जागा म्हणण्यापेक्षा मी याला सरकारनं लावलेली पैज म्हणेन. चुकीची असेलच असं नाही, पण डेव्हलपरनं ती स्वतःच्या खिशातून लावलेली नाही.

याच जमिनीवर आधी हजारो घरांचा मोठा आराखडा होता, तो २०१६मध्ये बारगळला. त्यामुळे पार्काबाहेरच्या वस्तीनं नव्या घोषणेवर लगेच भुलावं तरी का? ऐन भरात साउथ वर्क्समध्ये सुमारे २०,००० कामगार होते. सायक्वांटमनं पहिल्या पाच वर्षांसाठी कबूल केलेल्या नोकऱ्या १५०, त्याही बहुतेक उच्चशिक्षितांच्या असणार. स्थानिक संघटनांना घरभाडी, प्रदूषित माती आणि रोजगार या तिन्हींबद्दल लेखी करार हवाय. मला तरी ती मागणी रास्त वाटते.