फरशीखालची ओल

ऐरोलीतल्या आमच्या रो-हाऊसची मागची खोली आईची. तीन पावसाळे तिथल्या फरशीच्या सांध्यांतून पांढरी भुकटी वर यायची. पुसली की चार दिवसांत पुन्हा हजर. आई त्या ओलीवरून घसरली, तेव्हा मात्र मी हे काम मनावर घेतलं.

पहिल्या कारागिराने सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरलं. फरशी कोरडी झाली, पण जुलैत भिंतीला दीड फुटापर्यंत लोणा लागला आणि रंगाचे पोपडे निघाले. वरची वाट बंद झाल्यावर पाण्याने भिंत धरली होती. मुळात पाणी येतंय कुठून, हे आम्ही तपासलंच नव्हतं. आजही त्याचीच सर्वांत जास्त हळहळ वाटते.

मग एका जुन्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांनी आधी रात्रभर सगळे नळ बंद ठेवून मीटरचा आकडा बघायला सांगितलं. तो हलला नाही, म्हणजे पाइप फुटलेला नव्हता. मग दीड फूट लांबरुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून फरशीवर बसवला. दुसऱ्या दिवशी वरचा भाग कोरडा आणि खाली थेंबच थेंब. थेंब वर असते, तर ती पावसाळी हवेतली वाफ गार फरशीवर जमलेली असती. पंखा नि खिडक्या एवढ्यावर भागलं असतं.

"ताई, वरून काहीही लावा, हे पाणी जमिनीतलं आहे," काका म्हणाले. खाडीकाठचा भराव, त्यात मोठा पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की गटारांचं पाणी खाडीत उतरत नाही, जमिनीत तुंबून राहतं. आमची ओल नेमकी अशाच दिवसांत वाढायची.

जानेवारीत खोली उकरली. जुन्या कोब्याखाली थेट भराव होता, जमिनीची ओल अडवणाऱ्या प्लास्टिकचा पत्ता नाही. दगडांचं सोलिंग, म्हणजे रचून बसवलेला दगडांचा थर, त्यावर वाळूचा थर, मग २५० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा कागद, जोडावर एक फूट एकमेकांवर चढवून आणि भिंतीलगत वर वळवून. त्यावर चार इंच काँक्रीट. भिंतीचं खराब प्लास्टर काढून नवं केलं. मागच्या ओट्याचा उतार घराकडे होता, तोही फिरवून घेतला.

खरी परीक्षा वाट बघण्याची. काँक्रीटच्या मजबुतीसाठी २८ दिवस धरतात, पण ते वाळायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि खाली प्लास्टिक असल्यावर ते फक्त वरूनच वाळतं. घरात सगळे घाई करत होते. मी मे उजाडेपर्यंत थांबले, प्लास्टिकचा तुकडा पुन्हा लावून पाहिला आणि तो कोरडा निघाल्यावरच टाइल्स बसवल्या.

यंदा जुलैच्या अमावास्येला, उधाणाच्याच दिवसांत, धो धो पाऊस होता. पहाटे उठून मी खोलीभर हात फिरवून पाहिला. कोरडी. आईचा पलंग आता परत तिथे गेलाय. पुढच्या खोलीचं काम दिवाळीनंतर काढणार आहोत.